फादरांना विचारून सांगतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रसदरात एका वाचकाने विचारलं होतं, की कॅथलिक लोक ऑक्टोबरात ‘मिशन रविवार’ पाळतात तो धर्मांतरासाठी वर्गणी गोळा करण्याचा दिवस असतो का? प्रश्न रोखठोक आहे, पण सूर सभ्य आहे. वाचल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं, तर यावर आमच्या फादरांनी लिहायला हवं. मग माझं मलाच हसू आलं. का, ते पुढे कळेल.

मी उत्तर वसईतला. एका बँकेच्या कॅश विभागात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालो. धर्मशास्त्र शिकलेलो नाही. रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाणारा, नाताळात करंज्या तळायला बायकोला मदत करणारा साधा प्रापंचिक माणूस. तेव्हा हे उत्तर चर्चचं अधिकृत उत्तर समजू नये.

मिशन रविवारी आमच्याकडे काय होतं ते आधी सांगतो. मिस्सा संपली की आवारात लिलाव. कोणी केळीचा घड आणतं, कोणी शहाळी, कोणी घरचा केक. एक तरी गावठी कोंबडा असतोच, पाय सुतळीने बांधलेला. बोली चढत गेली की तोही मान वर करून बघतो. यंदा एक दुधी साडेचारशेला गेला, आणि ज्याने घेतला त्याच्याच वाडीत दुधीचा मांडव आहे. शिवाय प्रत्येक घराला पाकीट दिलेलं असतं. जमलेले पैसे धर्मप्रांतामार्फत, म्हणजे आमच्या बिशपांच्या कचेरीतून, रोमला जातात आणि तिथून जगभरच्या गरीब धर्मप्रांतांकडे. त्यातून शाळा, दवाखाने चालतात, चर्चं बांधली जातात, खेडोपाडी धर्मशिक्षण देणाऱ्यांचं मानधनही निघतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

हा दिवस पोप पायस अकरावे यांनी १९२६ साली ठरवून दिला. वर्गणीची कल्पना मात्र त्याच्याही शंभर वर्षं आधीची, आणि ती कुठल्या पोपच्या किंवा बिशपच्या डोक्यातून निघालेली नाही. फ्रान्समधल्या लिओं शहरात पोलिन जारिको नावाची एका रेशीम कारखानदाराची मुलगी होती. ना नन, ना कुठल्या मठातली. तिने कामगारांचे दहा-दहा जणांचे गट केले आणि दर आठवड्याला माणशी एक सू, म्हणजे आपल्याकडच्या पैशासारखं नाणं, जमवायला सुरुवात केली. १८२२ साली त्यातून संस्था उभी राहिली. २०२२ च्या मे महिन्यात तिला ‘धन्य’ घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी. तिने पैशाबरोबर रोजची एक प्रार्थनाही मागितली होती. आम्ही पैसे तेवढे लक्षात ठेवले. पाकीट दिलं, दुधी घेतला, वर्षभराची सुटका झाली.

आता खऱ्या मुद्द्यावर येतो. तो मुद्दा विरार लोकलचा आहे.

आमच्या सातच्या फास्टला भजनी मंडळ होतं. विरारला गाडी लागली की पखवाजवाला आधी खिडकीशी जागा धरायचा, टाळ पिशवीतून निघायचे, रामकृष्णहरीचा गजर सुरू. मग रूपाचा अभंग, मग एखादी गौळण, आणि दादर जवळ आलं की भैरवी. मंडळाचे बुवा नालासोपाऱ्याचे, एका सरकारी प्रेसमध्ये नोकरीला. कपाळाला गंध आणि त्याखाली बुक्का. मी त्यांच्या समोरच्या बाकावर बसायचो. खंडेनवमीला डब्याला तोरण बांधायचे, त्याची वर्गणी मी द्यायचो. सगळे मला ‘डिकास्टा’ म्हणायचे. ते माझं नाव नाही, पण सिनेमात ख्रिस्ती माणसाचं जे नाव असतं ते.

राखेचा बुधवार म्हणजे आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. पहाटेच्या मिस्सेत फादर कपाळावर राखेने क्रूस काढतात आणि म्हणतात, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. ही राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, झावळ्या जाळून करतात. मी ती राख घेऊन विरारच्या एसटीत बसायचो आणि स्टेशन यायच्या आत रुमालाने पुसून टाकायचो. दर वर्षी. कोणी मला सांगितलं नव्हतं, कोणी हिणवलंही नव्हतं. आता, गाडीत कधीतरी ‘तुम्हाला विहिरीत पाव टाकून बाटवलं ना’ ही थट्टा व्हायची, पण त्यावर मीही हसायचो. राख पुसायचो ती उगाच प्रश्न नकोत म्हणून.

एका वर्षी घाईत नीट पुसली गेली नाही. बुवांनी बघितलं. “कपाळाला काय लागलंय तुमच्या?” मी म्हटलं, “काही नाही, एसटीच्या खिडकीची काजळी असेल.” आणि रुमाल काढला.

बुवा तेव्हा काही बोलले नाहीत. चार-पाच दिवसांनी भैरवी संपल्यावर टाळ पिशवीत भरता भरता हळूच म्हणाले, “परवा तुमचा भस्माचा दिवस होता म्हणे. माझ्या हपिसात एक मुलगी आहे वांद्र्याची, तिच्या कपाळाला दिवसभर होतं. तिने सांगितलं मला सगळं. अहो, मी रोज एवढा काळा बुक्का लावून तुमच्यासमोर बसतो. मला लाज नाही, तुम्ही का पुसलंत?”

गाडी दादरला लागली होती आणि सगळे उतरत होते, म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही.

तुमच्या वाचकांना वाटेल, की भस्म पुसलं तर पुसलं, त्यात काय एवढं. मलाही तसंच वाटलं होतं. पुढची गोष्ट १९९६ ची. बुवांच्या पत्नी मुंबईच्या इस्पितळात होत्या, आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्या दिवशी भजन झालं नाही. पिशवी मांडीवर, टाळ आत. मीरा रोड गेलं आणि बुवा एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही लोक मेल्यावर माणूस परत उठतो म्हणता ना? ते खरंच मानता, का नुसतं म्हणता?”

संपादक महोदय, मी तोवर आयुष्यात दोन हजार तरी रविवार श्रद्धेचा स्वीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेची कबुली, म्हटला असेल. मृतांचे पुनरुत्थान, सार्वकालिक जीवन, सगळं तोंडपाठ. वडील गेले तेव्हा त्यांच्या शवपेटीवर माती टाकताना मला आतून ठाम वाटलं होतं की ही शेवटची भेट नाही. ते वाटणं माझं होतं, कोणी शिकवलेलं नव्हतं. एवढं जरी सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणालो, “फादरांना विचारून सांगतो.”

बुवांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

फादरांना मी विचारलंही. त्यांनी चांगलं समजावून सांगितलं, एक पुस्तिकाही दिली. ती माझ्या ऑफिसच्या बॅगेत महिनाभर होती. तोवर बाई गेल्या होत्या.

तेराव्यानंतर मी बुवांना भेटायला नालासोपाऱ्याला गेलो. आई म्हणाली, मी येते. माझी आई लाल लुगड्यातली, वाडीतला भाजीपाला डोक्यावर घेऊन दारोदार विकणारी. शाळेचं तोंड तिने बघितलं नव्हतं. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची, तेव्हा धर्म तिने शिकला तो तिच्या आजीकडून, ओटीवर जपमाळ म्हणता म्हणता. भर दुपारी बाराला चर्चची घंटा झाली की ती टोपली खाली ठेवायची आणि उभी राहायची. गिऱ्हाइकाने भाव अर्धा ठरवलेला असला तरी. लोक विचारायचे, बाई, काय झालं? ती सांगायची, देवदूताने मरियामाउलीला निरोप आणला, तिने हो म्हटलं, त्याची आठवण करायची असते, आता बोला, वालपापडी किती देऊ?

बुवांच्या घरी आम्ही सुकेळी नेली होती. मी नेहमीचं बोललो, काळजी घ्या, रजा किती उरली आहे, असलं. आई बुवांजवळ सरकली आणि म्हणाली, “भाऊ, माझा नवरा गेला तेव्हा मला वाटलं संपलं. पण आमचा येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, त्याच्याकडे आहे तो. वहिनीपण देवाच्या हातात आहे. मी रोज रोजरीत तिचं नाव घेईन.” बस, एवढंच. मग तिने पाणी मागितलं, बुवांच्या सुनेची लुगड्याबद्दलची चौकशी ऐकून घेतली आणि आम्ही निघालो.

तिने शब्द पाळला. जाईपर्यंत रोज रात्री आमच्या घरच्या नावांच्या शेवटी ‘नालासोपाऱ्याच्या वहिनी’ यायच्या. बुवा पुढेही दर आषाढीला पंढरपूरला जात राहिले, बुक्का लावत राहिले. आई गेली तेव्हा दफनविधीला ते आले, मागच्या बाकावर शेवटपर्यंत बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, “मला तेव्हा नीट उत्तर कोणी दिलं असेल तर या माउलीने.” मी शेजारीच उभा होतो.

आता पत्रलेखकाच्या शंकेकडे. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती. त्या काळात जबरदस्ती झाली, आमिषंही दाखवली गेली, हे नाकारण्यात शहाणपण नाही. पण चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, धाकही गेला आणि आमिषही गेलं. आमचे पूर्वज तरीही ख्रिस्ती राहिले. तो धर्म टिकला मोजक्या देशी धर्मगुरूंमुळे आणि माझ्या आईच्या आजीसारख्या बायकांमुळे. सत्तेच्या जोरावर दिलेली श्रद्धा आणि ओटीवर दिलेली श्रद्धा यांतला फरक वसईकराला पुस्तकात वाचावा लागत नाही.

चर्चनेही हे लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६५ साली दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. एक, की श्रद्धेची साक्ष देण्याचं काम प्रापंचिकाला फादर किंवा बिशप नेमून देत नाहीत, ते त्याच्या स्नानसंस्कारातून (बाप्तिस्म्यातून) आणि दृढीकरणातून, म्हणजे श्रद्धा पक्की करणाऱ्या पुढच्या संस्कारातून, आपोआप येतं. दुसरी, की श्रद्धा सांगताना सक्ती, लालूच, फसवणूक यांची सावलीही पडता कामा नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली पुन्हा तेच सांगितलं: चर्च वाढतं ते ओढूनताणून नव्हे, आकर्षणाने. देशाच्या कायद्याबद्दल म्हणाल, तर घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्म मानण्या-आचरण्याबरोबर प्रसाराचाही हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितलं आहे की या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. मला या दोन्ही गोष्टी मान्य आहेत. गर्दीच्या डब्यात, जिथे माणसाला हलायलाही जागा नाही, तिथे त्याच्या हातात पत्रकं कोंबणारे मीही बघितले आहेत. तेव्हा मला बुवांपेक्षा जास्त संकोच वाटायचा.

पण तुमच्या वाचकाला वाटते तेवढी आमची मोहीम खरंच जोरात असती, तर मला हे पत्र लिहावंच लागलं नसतं. खरी परिस्थिती अशी आहे की वसईतला सरासरी कॅथलिक माणूस स्वतःच्या श्रद्धेबद्दल शेजाऱ्याशी एक वाक्य बोलत नाही. नाताळचा फराळ पोचवतो, बस. आमच्या सभांमध्ये चर्चा होते ती सणाच्या रोषणाईची, मंडपाच्या दराची आणि बँड कोणाचा त्याची. श्रद्धेविषयी बोलायचं खातं आम्ही फादर आणि सिस्टरांकडे देऊन टाकलं आहे, जसं सोसायटीत पाण्याच्या टाकीचं खातं सेक्रेटरीकडे असतं.

गास गावच्या चर्चला ज्यांचं नाव आहे ते संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचे. त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, सण मोठा होतो. पण ते धर्मगुरू नव्हते, हे किती वसईकरांना माहीत आहे? जपानात आधी धर्मशिक्षक म्हणून काम केलं, मग व्यापारी झाले, चांगला जम बसला होता. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात गेले तेही साधे ब्रदर म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला त्यांना क्रूसावर मारलं. १८६२ साली ते संत झाले. आम्ही त्यांना वेदीवर इतकं उंच नेऊन ठेवलं, की त्यांनी दुकानाच्या हिशेबाच्या वह्या लिहिल्या असतील हे आम्हाला सुचतही नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या बाबतीतही आम्ही तेच केलं. ते २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आमच्या लोकलवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर सगळ्यांनी माझंच अभिनंदन केलं, जसा काही मीच अध्यक्ष झालो होतो. मी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मग पखवाजवाल्याने विचारलं, त्यांनी बायबलचं मराठी केलंय त्यातलं कुठलं पान आधी वाचू? मी ते उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं. एका धर्मगुरूने अख्ख्या महाराष्ट्राशी मराठीत येशूबद्दल बोलून ठेवलं, आणि आम्ही निवांत झालो, की आपल्या वाट्याचंही त्यांनीच बोलून झालं. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. आता आमच्या वाट्याचं कोण बोलणार?

गेल्या वर्षी माझ्या नातीचा स्नानसंस्कार झाला. पाणी घातल्यावर फादर बाळाच्या टाळूला पवित्र तेल लावतात आणि म्हणतात, ख्रिस्तासारखीच तूही याजक, संदेष्टा आणि राजा आहेस. तीन महिन्यांच्या पोरीला संदेष्टा! ती आपली बोटं चोखत होती. मग तिच्या धर्मपित्याने पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून छोटी मेणबत्ती पेटवली. पंख्याच्या वाऱ्याने ती विझली. फोटोग्राफर म्हणाला, अंकल, परत लावा, मला मिळाला नाही. परत लावली, फोटो मिळाला, धर्मपित्याने फुंकर घातली. आता ती मेणबत्ती प्लॅस्टिकसकट शोकेसमध्ये आहे, नावाच्या रिबनसह. जी ज्योत तेवत ठेवा असं आम्हाला सांगितलं होतं, ती एकूण दीड मिनिट तेवली असेल. मी हे घरी बोलून दाखवलं तर सून म्हणाली, “पप्पा, मग तुम्हीच सांगा ना तिला मोठी झाल्यावर.” तिचं बरोबर आहे. नातीला सांगण्याची सवय आत्ताच लावून घ्यायला हवी, म्हणून मी रात्री तिला झोपवताना आईच्या तऱ्हेने बोलतो, देवदूत आला, निरोप आणला. तिला काही कळत नाही. माझी तालीम होते.

यंदा राखेच्या बुधवारी मला बोरिवलीला डोळे तपासायला जायचं होतं. पहाटेची मिस्सा केली, बसने विरारला आलो. रुमाल खिशातच ठेवला. गाडीत समोर एक तरुण बसला होता, कानात यंत्र घातलेला, पाठीवरची बॅग पोटाशी धरून. बराच वेळ माझ्या कपाळाकडे बघत होता. शेवटी यंत्र काढून म्हणाला, “काका, कपाळाला काहीतरी काळं लागलंय.”

मी म्हटलं, “लागलेलं नाही, लावलेलं आहे.” आणि सांगायला लागलो. झावळ्यांपासून सुरुवात केली, हीच चूक झाली. झावळ्या, मग त्या कशा जाळतात, मग चाळीस दिवस, मध्येच मला बुवा आठवले आणि मी त्यांच्यावर गेलो. पोरगा ऐकत होता, अगदी मनापासून. मी मातीपाशी आलो, आता उठण्याबद्दल सांगणार, तेवढ्यात भाईंदर आलं आणि तो “सॉरी काका, उतरायचंय” म्हणून गर्दीत घुसला. दारातून वळून त्याने विचारलं, “मग मातीत गेल्यावर पुढे काय?”

मी ओरडून सांगितलं. त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. डब्यातल्या बाकीच्यांना मात्र गेलं.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, उत्तर वसई
(नाव छापू नये. गावातले लोक ओळखतीलच, पण त्यांना निदान शोधण्याचे कष्ट पडू देत.)